बाळापूरचं पान

आडनावांचा नाद मला टपाल खात्यात लागला. पुण्यात एकतीस वर्षं पत्रं वेगळी करायचं काम केलं, आणि रोज ढिगानं आडनावं डोळ्यांखालून गेली. कोणाचं गावावरून पडलेलं, कोणाचं कामावरून, कोणाचं पणजोबांच्या नाकावरून. निवृत्त झालो तेव्हा माझ्या तीन वह्या भरल्या होत्या. घरच्यांना त्या वह्यांचा वीट आलाय, पण लग्नाकार्यात शेजारी बसलेल्या माणसाला त्याच्या आडनावाचा अर्थ सांगितल्याशिवाय मी अजूनही सोडत नाही.

गेल्या चैत्रात माझे वडील गेले. त्यांची एकुलती एक बहीण म्हणजे माझी मंदाआत्या. सासरची जगताप, माहेरची आमच्यासारखीच बाळापुरे. वय शहात्तर, गुडघे अधू, जीभ शाबूत. यंदाच्या भाऊबीजेला ती आमच्याकडे आली, वडिलांच्या फोटोला ओवाळलं, आणि जेवताना एकदम म्हणाली, "मला आता माहेर उरलं नाही रे."

"मी आहे की," मी म्हणालो.

"तू भाचा आहेस. माहेराला गाव लागतं, चार माणसं लागतात. एकदा माहेरी जाऊन यायचंय मला. नुसतं आडनाव घेऊन किती दिवस बसू?"

अडचण अशी होती की आमचं गाव कोणालाच ठाऊक नव्हतं. आजोबा, म्हणजे किसन बाळापुरे, तरुणपणी पुण्यात आले ते छापखान्यात चिकटले आणि परत कधी गेले नाहीत. 'आम्ही वऱ्हाडातले' एवढंच सांगायचे. पुढं विचारलं की विडी पेटवायचे. वऱ्हाडाची एकच खूण त्यांनी घरात ठेवली होती, आणि तिच्यावरून आजीशी वाद व्हायचा. घरात चार लोकांचं जेवण असलं की आजोबा एक पान जास्तीचं मांडायला लावायचे. दोन खोल्यांत माणसं बसायला जागा नाही आणि मध्येच हे रिकामं पान! कोणासाठी म्हणून विचारलं तर आपल्या वऱ्हाडीत म्हणायचे, "येईन कोणी." कोणी आलं नाही की शेवटी ते पान शेजाऱ्यांच्या घरी जायचं. आजोबा गेले आणि आमच्या घरातून ती रीत गेली. आत्यानं मात्र जगतापांच्या घरात ती चालू ठेवली. विसराळू म्हणून सासूनं नावं ठेवली तरी चालू ठेवली.

आत्याचं बोलणं ऐकून मी तीन वह्यांच्या मालकाच्या थाटात म्हणालो, "आत्या, पत्ता तर आडनावातच लिहिलाय. बाळापुरे म्हणजे बाळापूर. अकोल्याहून तासाभराचा रस्ता. चल."

अकोला, बाळापूर

मार्गशीर्षातली सकाळ होती. अकोल्याला उतरलो तेव्हा आत्यानं शालीवर शाल घेतली होती. दुपारी तीच आत्या पदरानं वारा घेत होती. सोबत तिनं बाकरवडीचे चार पुडे घेतले होते, माहेरच्यांसाठी. कुठले माहेरचे, ते अजून ठरायचं होतं, पण लेक मोकळ्या हातानं कशी जाणार?

स्टेशनाबाहेर कचोरी खाल्ली. तिखट म्हणजे काय हे पुण्यातल्या माणसाला वऱ्हाडात नव्यानं शिकावं लागतं. कचोरीवाल्यानं माझे डोळे बघून न मागता दुसरा पेला पाणी दिलं आणि म्हणाला, "हे कचोरी तं आमी लेकराईले देतो." आत्यानं आपली कचोरी मुकाट्यानं संपवली आणि वर माझ्यातली अर्धी घेतली. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई इथलीच असणार.

बाळापूर मला फार आवडलं. दोन नद्यांच्या बेचक्यात उंच किल्ला, त्याच्या पायथ्याशी बाजार, मराठी आणि उर्दू एकाच वाक्यात बोलणारी माणसं. मी थेट टपाल कचेरी गाठली. कुठल्याही गावात कोण राहतं हे पोस्टमनएवढं कोणाला कळत नाही, हा माझ्या धंद्यातला अनुभव. तिथले पोस्टमन गजाननभाऊ पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. मी टपाल खात्यातला म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"बाळापुरे?" ते म्हणाले. "साहेब, पंचवीस वर्स झाले मी इथं टपाल वाटून राहिलो. बाळापुऱ्याचं एक पत्र नाई आलं हातात."

"एकही नाही?"

"एकई नाई."

मला खरं वाटेना. बाजारात विचारलं. सतरंज्यांच्या दुकानातल्या रहीमचाचांनी चष्मा कपाळावर चढवून आठवून पाहिलं आणि म्हणाले, "देशमुख आहेत, इंगळे आहेत, खान तर घरोघर आहेत. बाळापुरे मियाँ, या मोहल्ल्यात तरी कधी ऐकले नाही." चहाच्या हॉटेलात विचारलं, मंदिरात विचारलं. एकानं तर मलाच उलट विचारलं, "तुमीच तं हाये ना बाळापुरे? मंग आमाले काहून इचारता?"

आत्या किल्ल्याच्या पायरीवर बसली होती. मी तोंड पाडून परत आलो तेव्हा तिला सांगायची गरज पडली नाही. तिनं पिशवीतले बाकरवडीचे पुडे हातानं चाचपून नीट लावले आणि म्हणाली, "उन्हात दमलास. बस." मला इतकं अपराधी कधीच वाटलं नव्हतं. तीन वह्या भरलेल्या माणसानं एका म्हाताऱ्या बाईला शेकडो कोस आणून दगडावर बसवलं होतं.

तेवढ्यात गजाननभाऊ सायकल घेऊन आले. म्हणाले, "घरी चला, दोन घास खा. मायनं सांगतलं, पाहुण्याईले उपाशी नोको जाऊ देऊ."

त्यांची आई ऐंशीच्या घरातली, हाडकुळी, खणखणीत आवाजाची. दारातून आत जातो न जातो तोच शेजारच्या ओट्यावरून एका बाईनं हाक दिली, "वलगाववाली, पाहुणे आले काय वं?" आईनं "हाव" म्हटलं आणि आम्हाला पाट दिले. ज्वारीची भाकर, बेसन, जवसाची चटणी. जेवताना मी सगळी कर्मकहाणी सांगितली. आई ऐकता ऐकता हसायला लागली.

"बापा, तुमी शिकलेले मानसं हाये ना?" ती म्हणाली. "मले सारं बाळापूर वलगाववाली म्हन्ते. साठ वर्स झाले. आता तुमी वलगावले जा अन् इचारा, वलगाववालीचं घर कोन्तं? कोणी सांगीन काय?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"गाव सोडल्याबिगर गावाचं नाव नाई भेटत मानसाले," ती पुढं म्हणाली. "ह्या गावात जो राह्यला तो बाळापुरे कसा होईन? सारेच बाळापूरचे. जो इथून उठून दुसरीकडं गेला, त्याले तिथल्या लोकाईनं बाळापुरे म्हन्लं. तुमचे मानसं इथं नाई धुंडाचे. ते जिथं गेले तिथं धुंडाचे."

इतकी साधी गोष्ट. सून होऊन दुसऱ्या गावात गेलेल्या प्रत्येक बाईला ती अंगावरून ठाऊक असते, आणि मी एकतीस वर्षं आडनावांत राहून मला ती सुचली नव्हती. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, ही तिची कृपा.

"पण कुठं गेले ते कसं कळणार?" तिनं आईला विचारलं.

"माह्या माहेरी बाळापुऱ्याईची गल्ली हाये की. आमच्या घराच्या मांगं. तुमचेच हायेत का ते मले नाई सांगता येत, पण बाळापुरे हायेत."

त्या दिवशी अकोल्याला परतायचं आईनं काही चालू दिलं नाही. "माह्या माहेराले चालल्या अन् लॉजमंदी झोपता काय?" म्हणाली. गजाननभाऊंनी वलगावला फोन लावून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना आईनं आत्याच्या हातात चटणीची पुडी ठेवली. "तिथं वलगाववाली नोको म्हनू. शांती म्हन. शांतीनं पाठवली म्हन." मग जरा थांबून म्हणाली, "माहेरीच राह्यलं ते नाव."

दर्यापूर

बाळापूरहून अकोला, तिथून दर्यापूरची बस. दोन्ही बाजूंना काळी सपाट जमीन, सोयाबीन निघून गेलेलं, तूर उभी, कपाशी फुटून पांढरी झालेली. आमच्याकडे नजर कुठल्या ना कुठल्या डोंगराला जाऊन टेकते. इथं तिला टेकायला काहीच नाही.

दर्यापूरच्या स्टँडवर चहा घेतला आणि मी हॉटेलवाल्याला म्हणालो, "अहो, साखरेऐवजी मीठ घातलंत." सगळं हॉटेल हसलं. इथं जमिनीखालचं पाणीच खारट, खारपाणपट्टा म्हणतात. आज नळाला पाणी नव्हतं म्हणून बोअरच्या पाण्याचा चहा होता. आत्यानं मात्र कप संपवला. "सवय करायला हवी," म्हणाली.

पुढं वडापची जीप. सहाजणांच्या जागेत आम्ही अकराजण, आणि बाकरवडीच्या पिशवीवर कोणाचं तरी सरकीचं पोतं. ड्रायव्हरचं आडनाव कडू. मला राहवलं नाही, अर्थ विचारलाच.

"आमच्या आज्याच्या आज्यानं पाटलाले तोंडावर खरं सांगतलं होतं," ड्रायव्हर अभिमानानं म्हणाला. "तवापासून आमी कडू."

मागून एक धोतरवाले म्हातारे म्हणाले, "कायचं खरं न् कायचं काय! याईच्या हिरीचं पानी कडू होतं. बैलं तोंड नाई लावत."

"अन् तुमी?" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं. "सांगा ना पाहुण्याईले तुमचं आडनाव."

"गोडे," म्हातारे म्हणाले. "आमची हिर गोड होती."

पुढचा अर्धा तास जीपमध्ये हाच वाद चालला आणि प्रत्येकानं आपापल्या आडनावाची गोष्ट सांगितली. निम्म्या तरी तिथल्या तिथं रचलेल्या असाव्यात. माझ्या वह्यांतल्यापेक्षा त्या चांगल्या होत्या. उतरायच्या आधी आत्यानं हळूच विचारलं, "ते आपले नसतील तर रे?"

"नसतील तर बाकरवडी आपण खाऊ," म्हणालो. तिनं हसल्यासारखं केलं.

वलगाव

बाळापुऱ्यांची गल्ली म्हणजे समोरासमोर सात घरं आणि मधे एक कडुनिंब. निंबाखाली गोवऱ्यांचा जाळ निवत आला होता आणि त्यात रोडगे भाजायला घातले होते. कणकेचे जाड गोळे विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप घालायचं आणि वांग्याच्या भाजीशी, वरणाशी खायचे. आमच्यासाठी केले होते. ज्यांची आमची ओळख नाही, त्यांनी एका फोनवर!

आत्यानं चटणीची पुडी पुढं केली. "शांतीनं पाठवलीय."

"शांतीनं?" तीन बायका एकदम पुढं झाल्या. कशी आहे, दात आहेत का, अजून तशीच बोलते का. काल जिला सारं गाव वलगाववाली म्हणत होतं, ती इथं क्षणात चौदा वर्षांची शांती झाली. आत्या हे सगळं डोळे भरून बघत होती.

गल्लीतले वडीलधारे म्हणजे आबाजी. पंच्याऐंशीचे, ताठ, पांढरी टोपी. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं आणि चौकशी केली. कोण, कुठले, आत्याचं नाव काय, माझे वडील आहेत की गेले, आजोबांचं नाव काय.

"किसन," आत्या म्हणाली.

"किसन तं आमच्यात घरटी एक," आबाजी म्हणाले. "एक माह्या काकाचा होता. बापासंग भांडून गेला म्हन्तात. कुठी गेला कोणाले नाई माईत. बाई, तुमच्याजवळ काई कागद?"

कागद नव्हता. फोटो होता, छापखान्यातल्या माणसांचा, त्यात आजोबांचा चेहरा तांदळाएवढा. आबाजींनी तो बराच वेळ धरला आणि परत दिला.

"बाई, राग नोका मानू," ते म्हणाले. "तुमी पाहुणे. जेवा, राहा, घर तुमचं. पन भाऊबंद म्हन्लं म्हंजे एकमेकाचं सुतक लागते, सोयरीक बंद होते. हे नुसतं तोंडानं नाई जुळत. उगा हाव कसं म्हनू?"

खरं होतं त्यांचं. मला त्या म्हाताऱ्याबद्दल उलट आदरच वाटला. पण आत्याचा चेहरा बघवत नव्हता. तिनं फोटो पिशवीत ठेवला, उठली, आणि सविता नावाची त्यांची सून पत्रावळी घेऊन आली होती तिला म्हणाली, "आण ग, मी मांडते. नुसतं बसून कसं वाटतं."

निंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. पहिल्या पंगतीत बसायचे अकराजण, सवितानं मोजून सांगितलं. आत्या गुडघ्यावर हात टेकत, वाकत, एकेक पत्रावळ मांडत गेली. शेवटच्या पानापाशी आली, जरा अंतर सोडलं, आणि बारावी पत्रावळ मांडली. तिच्याजवळ पाण्याचा पेलाही ठेवला. तिचं लक्षच नव्हतं. पन्नास वर्षं हात जे करत आले ते त्यांनी केलं.

"आत्याबाई, एक जास्त झालं," सविता म्हणाली. "ते आबाजी मांडतात, आपल्या हातानं."

"राहू दे," आबाजी म्हणाले.

आबाजी बाजेवरून उठून त्या पानापाशी आले. त्यांनी पान बघितलं, मग आत्याकडे बघितलं.

"हे तुले कोणं शिकवलं?"

मघापासून ते तिला 'तुमी' म्हणत होते.

"बाबांनी," आत्या म्हणाली. "घरी पंगत असली की मांडायचे. कोणासाठी, ते नाही सांगितलं कधी. येईन कोणी, एवढंच म्हणायचे."

सतरंजीच्या कडेला टेकत आबाजी खाली बसले. "बाळापूरचं पान हाये ते," म्हणाले. "आपल्या वाडवडलाईतले दोघं भाऊ दुष्काळात बाळापूर सोडून इकडं आले. तिसरा, धाकला, मायजवळ राह्यला. म्हन्ला, तुमी चाला, मी मायले घेऊन मांगून येतो. नाई आला. तवापासून ह्या गल्लीत पंगत बसली का एक पान त्याचं. गल्लीबाहेर कोणाले सांगत नाई आमी. बाळापुरात आपलं आडनाव काय होतं, कोणाचे होतो, त्यालेच माईत. आमाले तं बाळापुरे इथल्या लोकाईनं केलं."

मग त्यांनी विचारलं, "आज सकाळी कुठून निघाली तू?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "बाळापूरहून."

तिथं आम्ही चुकून गेलो होतो, माझ्या शहाणपणामुळे गेलो होतो, हे मी सांगणार होतो. सांगितलं नाही. आबाजींनी त्या पानाकडे बोट केलं. "बस मंग वं, मंदे. तुहंच पान हाये."

तिला मंदा म्हणणारं माणूस चैत्रात गेलं होतं. जगतापवहिनी, काकू, आत्या, आजी, सगळं होती ती, मंदा कोणाची उरली नव्हती. ती त्या पानापुढं बसली आणि लहान मुलीसारखी रडली, आणि मीही रडलो, लपवण्यात अर्थ नाही.

सविता वाढायला आली तशी आबाजींनी हात वर केला. "थांब." मग माझ्याकडे वळले. "तुहा बाप मंदीचा भाऊ ना? कवा गेला?"

"चैत्रात," मी म्हणालो.

"आमाले आज समजलं," ते म्हणाले, आणि टोपी काढून बाजेवर ठेवली.

काय चाललंय ते मला आधी कळलं नाही. आबाजी निंबापलीकडच्या हौदाकडे गेले, सदऱ्यासकट खाली बसले आणि बादली उचलून डोक्यावर ओतली. मग त्यांचा मुलगा उठला. मग समोरच्या घरातले दोघं. गल्लीतले सगळे बाळापुरे एकामागून एक हौदाशी जाऊन, माझ्या वडिलांच्या नावानं, आठ महिने उशिरा, डोक्यावरून पाणी घेऊन आले. त्यांनी माझ्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. पुण्यात वडील गेले तेव्हा आमच्या घराचं सुतक फक्त आमच्या घराला होतं, वरच्या मजल्यावर त्याच दिवशी वाढदिवस झाला होता.

रोडगे पुन्हा विस्तवावर धरून गरम केले. आबाजी ओल्या अंगानंच पंगतीत फिरले, आत्यापुढं वाकले, रोडगा फोडला आणि त्यावर तूप ओतत राहिले. पांढऱ्या केसांतून पाणी ठिबकून तिच्या पानात पडत होतं.

"लय उशीर केला तुमी लोकाईनं," ते म्हणाले. "जेव आता."